वेगवान इंजिनासाठी कनेक्टिंग रॉडची निवड

तंजावर जिल्ह्यातील कुरुवै भाताचे वेळापत्रक मेट्टूर धरणाशी बांधलेले आहे. हे धरण १९३४ साली पूर्ण झाले आणि १२ जून हा कालव्यांना पाणी सोडण्याचा दिवस, असा परिपाठ पुढे रूढ झाला. ज्या वर्षी पाणी उशिरा सुटते त्या वर्षी कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील शेतकऱ्याला वाळूच्या थरांत उतरविलेल्या उथळ कूपनलिकांच्या आधारे रोपे जगवावी लागतात. ह्या कूपनलिकांना तिकडे ‘फिल्टर पॉइंट’ म्हणतात. त्यांच्यावर विजेच्या पंपांच्या जोडीला डिझेल इंजिनेही चालतात. मिनिटाला १,५०० फेरे घेत तासन्‌तास एका लयीत धडधडणाऱ्या अशा इंजिनाच्या पोटात एक पोलादी दांडा सतत वरखाली होत असतो. त्याचे वरचे टोक पिस्टनला आणि खालचे टोक क्रँकशाफ्टला जोडलेले असते. पाठ्यपुस्तकांत त्यास ‘संयोगदांडा’ असे नाव आहे, कारखान्यांत आणि गॅरेजांत मात्र सर्वत्र ‘कनेक्टिंग रॉड’ हाच शब्द चालतो. पिस्टनची सरळ रेषेतील ये-जा आणि क्रँकशाफ्टचे वर्तुळाकार फिरणे ह्या दोन भिन्न गतींचा सांधा म्हणजे हा रॉड होय.

शेतावरील इंजिनातील रॉड आणि शर्यतीच्या इंजिनातील रॉड वरवर पाहता एकाच घराण्यातले दिसतात. परंतु पहिला जितका जाड तितका चांगला, असे बऱ्याच अंशी म्हणता येते; दुसऱ्याच्या बाबतीत हाच न्याय लावला तर इंजिनाचा घात होतो. इंजिनाची शक्ती वाढवू पाहणाऱ्या हौशी मंडळींच्या हातून ह्याच ठिकाणी सर्वाधिक चुका होतात. म्हणून बाजारातील नावे आणि प्रकार पाहण्यापूर्वी ह्या दांड्यावर कोणते भार येतात, ते समजून घेणे इष्ट ठरेल.

उदाहरणादाखल पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ह्या १९४६ साली स्थापन झालेल्या कंपनीचे टीव्ही-१ हे एका सिलिंडरचे डिझेल इंजिन घेऊ. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून ते इतके वापरले गेले आहे की त्याची मापे शेकडो शोधनिबंधांत आढळतात. त्याच्या सिलिंडरचा व्यास ८७.५ मिलिमीटर, पिस्टनची धाव ११० मिलिमीटर आणि कनेक्टिंग रॉडची लांबी २३४ मिलिमीटर आहे. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधील दाब दर चौरस सेंटिमीटरला ७० किलोग्रॅम असतो असे धरले, तर पिस्टनच्या माथ्यावर सुमारे ४,२०० किलोग्रॅमचा भार येतो. हा सगळा भार रॉडला दाबतो. आता दुसरी बाजू पाहू. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचताच त्याला थांबवून पुन्हा खाली खेचावे लागते. १,५०० फेऱ्यांच्या वेगाला त्या क्षणीचा प्रवेग, म्हणजे वेग बदलण्याचा दर, गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १७० पट भरतो. पिस्टन, त्याची पिन, रिंगा आणि रॉडचा वरचा भाग मिळून दीड किलोग्रॅम वजन धरले, तर त्यांना खेचून आणण्यासाठी रॉडवर सुमारे २५५ किलोग्रॅमचा ताण पडेल. दाबाच्या मानाने हा ताण सोळाव्या हिश्श्याएवढा आहे. तात्पर्य, पंपाच्या इंजिनातील रॉडचे मुख्य काम दाब सोसण्याचे आहे. तो आखूड, जाड खांबासारखा असावा, वाकू नये, एवढे पाहिले की पुष्कळसे काम भागते. त्याच्या अंगावरील चार-सहा तोळे जादा पोलादाने कोणाचे काही बिघडत नाही.

ह्याउलट एक छोटे पेट्रोल इंजिन पाहू. मारुती ८०० ही मोटार भारतातील घराघरांत पोहोचली. तिचे तीन सिलिंडरांचे इंजिन शर्यतीच्या मैदानातही उतरले. कोइमतूरचे एस. करिवर्धन ह्यांनी १९८८ साली त्याच इंजिनावर चालणारी एका आसनाची ‘फॉर्म्युला मारुती’ ही शर्यतीची गाडी तयार केली आणि आपल्या देशातील अनेक चालकांना त्या गाडीने शर्यतीचे पहिले धडे दिले. ह्या इंजिनाचा व्यास ६८.५ मिलिमीटर आणि धाव ७२ मिलिमीटर. रॉडची लांबी क्रँकच्या भुजेच्या सव्वातीन पट आणि वरखाली होणाऱ्या भागांचे वजन ३५० ग्रॅम मानून हिशेब केला, तर ५,५०० फेऱ्यांना रॉडवर सुमारे ५६० किलोग्रॅमचा ताण येतो. आता हेच इंजिन शर्यतीसाठी ८,००० फेऱ्यांपर्यंत न्यायचे ठरले असे समजू. वेग दीडपटीहून थोडा कमीच वाढला. ताण मात्र दुपटीहून अधिक होऊन १,१८० किलोग्रॅमवर गेला. कारण उघड आहे. हा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्या वेगाला पिस्टनच्या बाजूचा प्रत्येक ग्रॅम रॉडला जवळजवळ ३.४ किलोग्रॅमने ओढतो.

येथे एक गोष्ट वाचकास विलक्षण वाटेल. ज्वलनाच्या वेळी वायू पिस्टनला खाली ढकलत असतो. त्याच क्षणी पिस्टनचे जडत्व त्याला वर नेऊ पाहते. दोन्ही बले परस्परविरोधी असल्याने रॉडवर प्रत्यक्ष येणारा दाब त्यांच्या वजाबाकीएवढाच उरतो. वायूचा भार दोन्ही वेळी १,८४० किलोग्रॅम धरला, तर ५,५०० फेऱ्यांना रॉडवर सुमारे १,२८० किलोग्रॅमचा दाब येईल, आणि ८,००० फेऱ्यांना तो ६६० वर उतरेल. म्हणजे इंजिन जसजसे वेगाने फिरते, तसतसा स्फोटाचा मारा रॉडला सौम्य होत जातो. खरा घात होतो तो शांत वाटणाऱ्या क्षणी. जळालेला वायू बाहेर टाकून पिस्टन वर पोहोचलेला असतो, झडप उघडी असते, त्याला अडविणारी वायूची गादी नसते, आणि त्याला मागे खेचण्याचा सारा भार एकट्या रॉडवर पडतो. चार टप्प्यांच्या इंजिनात ८,००० फेऱ्यांना हा प्रसंग मिनिटाला ४,००० वेळा येतो. तासाला २ लक्ष ४० हजार वेळा, आणि सुमारे ४२ तासांत एक कोटी वेळा.

एक कोटी हा आकडा सहज घेतलेला नाही. तार एकदा वाकविली तर तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकविली की तुटते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. धातुशास्त्रात ह्यास शिणवटा म्हणतात. पोलादाचा एक मोठा गुण असा की ताण एका ठराविक मर्यादेच्या आत राहिला, तर त्याचे कोट्यवधी फेरेही ते सोसते. अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंना अशी मर्यादा नाही. ताण कितीही लहान असो, फेऱ्यांची संख्या पुरेशी झाली की ते केव्हा तरी हार खातात. शिणवट्याने होणारा भंग नेहमी एखाद्या क्षुद्र दोषापासून सुरू होतो. पृष्ठभागावरचा ओरखडा, ओतकामातील पोकळी, कोपऱ्यातील तीक्ष्ण कड, एवढे निमित्त त्यास पुरते. तेव्हा शर्यतीच्या इंजिनासाठी रॉड निवडताना दांडा किती जाड आहे ह्यापेक्षा तो कसा घडविला आहे, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

धातू घडविण्याच्या दोन रीतींमधील भेद तंजावरच्या परिसरात जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल. कुंभकोणमजवळ कावेरीकाठी स्वामिमलै नावाचे गाव आहे. तेथील स्थपती मेणाची मूर्ती घडवितात, तिच्यावर मातीचे लेप चढवितात, मेण वितळवून काढतात आणि रिकाम्या झालेल्या साच्यात पंचलोहाचा रस ओततात. चोळकालीन परंपरेतील ही कला बोटांची नखे, दागिन्यांचे मणी, वस्त्राची चुणी हुबेहूब उतरविते. आकाराच्या दृष्टीने ओतकामास तोड नाही. पण वितळलेला धातू थिजताना त्याचे स्फटिक वाटेल त्या दिशांना वाढतात, वायूचे बुडबुडे आत अडकू शकतात. नटराजाच्या मूर्तीला त्याचे काही सोयरसुतक नाही. तिला सेकंदाला शेकडो वेळा कोणी खेचत नाही.

दुसरी वस्तू तंजावर शहरातच आहे. जुन्या किल्ल्याच्या पूर्व दरवाजाजवळ, ‘पीरंगी मेडू’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उंचवट्यावर, साडेसात मीटर लांबीची आणि सुमारे २२ टन वजनाची एक लोखंडी तोफ ठेवलेली आहे. ती सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, रघुनाथ नायकाच्या कारकिर्दीत, १६२० च्या सुमारास तयार झाली असे मानतात. व्यंकोजीराजे १६७५ च्या सुमारास तंजावरचे स्वामी झाले, तेव्हा ही तोफ निम्म्या शतकाची जुनी होती. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम आणि त्यांचे सहकारी ह्यांनी तिचा अभ्यास केला आहे. ही तोफ ओतीव नाही. आत लांबट लोखंडी पट्ट्या उभ्या लावून, त्यांच्यावरून तापविलेल्या कड्या चढवून, घणाच्या घावांनी सारे एकजीव केलेले आहे. तोफेच्या पोटातील स्फोट तिला फाडू पाहतो; त्या ताणाच्या दिशेनेच कड्यांचे लोखंड वळविलेले आहे. त्या लोहारांना शिणवट्याचे शास्त्र ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता, परंतु ताण जिकडे असेल तिकडे धातूचा तंतू नेला पाहिजे, हे मर्म त्यांच्या हाताला उमगलेले होते.

उत्तम कनेक्टिंग रॉडची घडण ह्याच तत्त्वावर होते. लालभडक तापविलेली पोलादाची कांब दोन अर्ध्या साच्यांमध्ये ठेवून अवजड हातोड्याने किंवा प्रेसने दाबतात. त्यामुळे धातूचे तंतू दांड्याच्या लांबीने वाहतात आणि दोन्ही टोकांच्या कड्यांभोवती वळतात. लाकडाच्या उभ्या रेषांच्या दिशेने काढलेली काठी जशी चिवट असते, तसाच हा प्रकार. काही कारखाने पोलादाच्या जाड ठोकळ्यातून यंत्राने कोरून रॉड काढतात. त्यात मापे अचूक येतात आणि लहान संख्येत मागणी असेल तर खर्चही परवडतो. मात्र तंतू वळणावर कापले जातात. ठोकळा उत्तम प्रतीचा असेल आणि छेद पुरेसा असेल तर असे रॉडही चांगले टिकतात, हे मान्य केले पाहिजे. ओतीव रॉड मंद इंजिनांपुरते ठीक; ज्याला वेग वाढवायचा आहे त्याने त्यांचा विचार करू नये.

पोलादाचा प्रकारही पाहावा लागतो. निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असलेले जे पोलाद अमेरिकेत ४३४० ह्या क्रमांकाने आणि आपल्याकडील कारखान्यांत ईएन-२४ ह्या ब्रिटिश नावाने ओळखले जाते, ते ह्या कामासाठी सर्वमान्य आहे. ते तापवून तेलात विझवून पुन्हा मंद तापविले की त्यात ताकद आणि चिवटपणा ह्यांचा मेळ साधतो. पण नुसते नाव पुरेसे नाही. त्याच पोलादावर उष्णतेची प्रक्रिया नीट झाली नसेल, तर महागडा रॉडही साध्या रॉडपेक्षा वाईट ठरतो. प्रक्रियेनंतर पोलादाच्या बारीक गोळ्यांचा पृष्ठभागावर मारा करतात. ह्यास शॉट पीनिंग म्हणतात. त्यामुळे वरचा पापुद्रा कायमचा दबलेल्या स्थितीत राहतो आणि तडा सुरू होण्यास वाव मिळत नाही. टायटॅनियमची घनता पोलादाच्या सुमारे ५७ टक्के आहे, म्हणून होंडा कंपनीने १९९० च्या आपल्या एनएसएक्स ह्या गाडीत टायटॅनियमचे रॉड वापरले. पण तो धातू त्याच भाराखाली पोलादाच्या जवळजवळ दुप्पट लांबतो आणि दुसऱ्या धातूवर घासला की चिकटतो. त्याच्या बाजूंवर संरक्षक लेप लागतो, आणि किंमत तर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. अॅल्युमिनियमचे रॉड काही सेकंदांच्या सरळ शर्यतींना शोभतात. त्यांच्या वापराची नोंद ठेवून मुदत संपताच ते फेकून द्यावे लागतात. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत ते बसविणे म्हणजे विकतची चिंता.

दांड्याच्या छेदाबद्दल, म्हणजे तो आडवा कापला असता दिसणाऱ्या आकाराबद्दल, बरेच वाद ऐकू येतात. नेहमीच्या रॉडची खोलगट पन्हळ इंजिनाच्या पुढच्या आणि मागच्या दिशेस असते. त्यास आय-छेद म्हणतात. एच-छेदाच्या रॉडमध्ये ती पन्हळ सिलिंडरच्या बाजूच्या भिंतींकडे तोंड करते. दोन्हींचे कैवारी आपापल्या बाजूने हिरिरीने बोलतात. खरे पाहता चांगल्या घडणीचा आय-छेद निकृष्ट एच-छेदाहून केव्हाही श्रेष्ठ, आणि ह्याच्या उलटही तितकेच खरे आहे. विचारण्याजोगा प्रश्न निराळाच आहे: शक्ती कोणत्या मार्गाने वाढवायची आहे? वेग वाढवून शक्ती मिळवायची असेल, तर रॉड ताणाखाली मरतो. तेथे हलकेपणा आणि सफाई हवी. टर्बोचार्जरने हवा कोंबून शक्ती मिळवायची असेल, तर वेग फारसा न वाढता ज्वलनाचा दाब वाढतो, आणि रॉड पंपाच्या इंजिनातल्याप्रमाणे दाबाखाली बाक येऊन मरतो. तेथे मांसल दांडा हवा. जो एकाच रॉडची दोन्हींसाठी शिफारस करतो, त्याचा सल्ला जपून घ्यावा.

रॉडच्या लांबीचेही असेच स्तोम माजविलेले आढळते. लांब रॉड कमी तिरका होतो, पिस्टन भिंतीवर कमी घासतो, हे खरे. पण वरील उदाहरणात रॉड १२–१३ मिलिमीटरने लांब केला, तर वरच्या टोकाचा प्रवेग जेमतेम दोन-अडीच टक्क्यांनी कमी होतो. उलट वेगाची मर्यादा ८,००० वरून ८,५०० केली की तोच प्रवेग जवळजवळ १३ टक्क्यांनी वाढतो. लांब रॉडसाठी निराळे पिस्टन घडवून घेण्याचा खर्च कोठे सत्कारणी लागेल, ते ह्या आकड्यांवरूनच उमजते.

आतापर्यंत दांड्याविषयी विवेचन झाले. परंतु वेगवान इंजिनात दांड्याआधी दगा देतात ते बहुधा त्याचे बोल्ट. खालचे मोठे टोक क्रँकशाफ्टभोवती बसविता यावे म्हणून ते दोन भागांत केलेले असते, आणि कॅप म्हणून ओळखला जाणारा अर्धा भाग दोन बोल्टांनी आवळतात. ज्वलनाचा दाब ह्या बोल्टांवर मुळीच येत नाही; खेचण्याचा ताण मात्र सगळा त्यांच्यावरूनच जातो. एक बोल्ट तुटला की कॅप उघडते, सुटा झालेला दांडा फिरत्या क्रँकच्या तडाख्यात सापडतो आणि ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. मागच्या चाकांखाली तेल सांडले तर चालकाचा जीवही धोक्यात येतो. एवढ्या अनर्थाचे मूळ दोन बोटांएवढ्या वस्तूत असते.

बोल्ट आवळण्याचा अर्थ पुष्कळदा चुकीचा घेतला जातो. आवळलेला बोल्ट ही वस्तुतः ताणलेली स्प्रिंग असते. तो कॅपला ज्या बळाने धरून ठेवतो ते बळ बाहेरून येणाऱ्या ओढीपेक्षा अधिक असेल, तर प्रत्येक फेऱ्याला बोल्टच्या ताणात अगदी थोडा फरक पडतो, आणि शिणवटा त्याच्या जवळ फिरकत नाही. आवळणे कमी पडले, तर सांधा प्रत्येक फेऱ्याला किंचित उघडतो, सगळी ओढ बोल्टवर येते आणि काही तासांतच तो तुटतो. म्हणजे बोल्ट तुटतो तो बहुधा कमी आवळल्यामुळे, आणि तपासणारा मात्र जास्त आवळला म्हणून हळहळतो.

हे बळ टॉर्क रेंचच्या आकड्यावरून नेमके कळत नाही. लावलेल्या जोरापैकी सुमारे नव्वद टक्के भाग बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. बोल्ट ताणण्यास जेमतेम दशांश उरतो. आट्यांना इंजिन तेल लावले की विशेष वंगण लावले, एवढ्यानेही ताण पुष्कळ बदलतो. म्हणून शक्य असेल तेथे बोल्ट किती लांबला हे मायक्रोमीटरने मोजून आवळणी ठरवितात. शर्यतीच्या रॉडमध्ये ही वाढ साधारणतः ०.१५ मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा बोल्ट बनविणाऱ्याने दिलेला असतो आणि तोच पाळावा. बोल्ट नवा असताना त्याची सुटी लांबी मोजून लिहून ठेवावी. सोडविल्यावर तो ०.०२५ मिलिमीटरने जरी कायमचा लांबलेला आढळला, तरी त्यास रजा द्यावी. बाजारातला साधा उच्च ताकदीचा बोल्ट त्याच मापाचा मिळाला म्हणून येथे चालत नाही. रॉडच्या बोल्टच्या आटे लाटून काढलेल्या असतात आणि डोक्याखालचा कोपरा विशिष्ट गोलाईचा असतो.

ज्याच्या खिशात थोडेच पैसे आहेत, त्याने मूळ कंपनीचे घडाईचे रॉड तपासून घ्यावेत, चांगले निघाल्यास तेच ठेवावेत आणि पैसा बोल्टांवर खर्चावा. चुंबकीय चूर्णाची परीक्षा करून तडे नाहीत ह्याची खात्री करावी. साच्याच्या सांध्यावरची उंच रेघ दांड्याच्या लांबीने घासून गुळगुळीत करावी. आडवे घासल्यास प्रत्येक ओरखडा तड्याचे बीज ठरतो. सिलिंडरचा क्रमांक ठोकून कोरायचा असेल, तर तो दांड्यावर कधीही ठोकू नये. नवे बोल्ट बसविल्यावर मोठ्या टोकाचे छिद्र पुन्हा गोल आहे की नाही ते मोजावे, कारण आवळणी बदलली की छिद्राचा आकारही बदलतो, आणि लंबगोल छिद्र सांध्याजवळ बेअरिंगला चिमटते. सर्व रॉडची वजने, तीही दोन्ही टोकांची स्वतंत्रपणे, एकमेकांशी एका ग्रॅमच्या आत जुळवावीत.

अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत रॉडची कॅप करवतीने न कापता ठरवून फोडून वेगळी करतात. फुटलेले दोन्ही पृष्ठभाग खडबडीत असल्याने ते एकमेकांत तंतोतंत बसतात आणि कॅप जागची हलत नाही. युक्ती सुरेख आहे. पण अशा रॉडचे छिद्र लंबगोल झाले, तर सांध्याचे तोंड घासून ते पूर्ववत करण्याची जुनी रीत येथे चालत नाही. एका रॉडची कॅप दुसऱ्याला बसत नाही, उलटी तर मुळीच नाही. इंजिन उघडताना प्रत्येक कॅप तिच्याच रॉडबरोबर, त्याच दिशेने, रंगाची खूण करून ठेवावी लागते. एकदा त्यांची सरमिसळ झाली आणि जोड्या जुळविता आल्या नाहीत, तर संपूर्ण संच बदलण्यावाचून गत्यंतर उरत नाही.